उपास धरणे आणि उपास सोडणे

न खाण्याला मराठीत किती शब्द आहेत, हे एकदा मोजून पाहावे. एकादशीचा तो उपास. वैद्याने सांगितले ते लंघन. सत्याग्रहीने आरंभले ते उपोषण. आयुष्याचे काम पुरे झाले असे मानून १९६६ च्या फेब्रुवारीत सावरकरांनी आणि १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी अन्न सोडले, ते प्रायोपवेशन. आमच्या बेळगाव भागातले जैन शेजारी ज्या व्रताविषयी आवाज खाली आणून बोलतात, ती सल्लेखना. आणि भांडण होऊन ताटावरून उठून गेलेल्या माणसाचा तो नुसता रुसवा! पोट तेच आणि उपाशी राहणेही तेच, पण प्रत्येक शब्दामागचा हेतू वेगळा. भाषेने हा फरक जाणून जपला आहे.

या यादीत आता एका नव्या शब्दाची भर पडली आहे : डिटॉक्स. तीन दिवस, सात दिवस किंवा एकवीस दिवस घन अन्न वर्ज्य. त्याऐवजी फळांचे रस, पालक-काकडीचे हिरवे पाणी, लिंबू-मध, नारळपाणी. त्यायोगे शरीरात साठलेले विष बाहेर पडते, असा दावा असतो. बाटल्या घरपोच येतात आणि बरोबर एक छापील वेळापत्रकही येते. लग्नाआधी वजन उतरावे म्हणून मुली हे करतात, साखर आटोक्यात यावी म्हणून साठीचे गृहस्थ करतात. त्यांना विचारले तर उत्तर ठरलेले, "अहो, हे आपल्या ऋषिमुनींचेच आहे. लंघनं परमौषधम्!" हे वचन आमच्याकडे मराठी घरात जितके चालते तितकेच कानडी घरातही चालते, त्यामुळे वाद तिथेच थांबतो.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. वैद्यक हा माझा विषय नव्हे. पण एखादी गोष्ट 'आपली', 'प्राचीन' म्हणून विकली जाऊ लागली की तिचा जन्मदाखला पाहावा, ही आम्हा मास्तर मंडळींची जुनी खोड. तो दाखला पाहू गेलो, तेव्हा पुणे, लंडन, न्यूयॉर्क असा बराच फेरफटका घडला.

सुरुवात चरकापासून करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात बाविसावा अध्याय लंघन आणि बृंहण यांवर आहे. जे शरीराला हलके करते ते लंघन, अशी तिथली कल्पना. लंघनाचे दहा प्रकार सांगितले आहेत आणि उपवास हा त्यांतला फक्त एक. वमन-विरेचनादी चार शुद्धी, तहान सोसणे, वारा, ऊन, पाचक औषधे आणि व्यायाम हेही लंघनच. कोणाला लंघन द्यावे आणि कोणाला पोषण, याचा विवेक हा त्या अध्यायाचा गाभा आहे. म्हणजे लंघन सर्वांनाच सरसकट लागू, असे चरक म्हणत नाही. लंघनाची गोष्ट जुनी आहे, हे खरे. पण बाटलीबंद रसाचे वेळापत्रक तिथून आलेले नाही.

ते आले युरोपातून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसचे डॉक्टर शार्ल बुशार यांनी असा सिद्धांत मांडला की, आतड्यात कुजणाऱ्या मळातून विषे तयार होतात, ती रक्तात शिरतात आणि माणूस आपल्याच पोटातल्या विषाने आजारी पडतो. कल्पना पटण्याजोगी होती. पाश्चर संस्थेतले मेचनिकॉफ, ज्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनीही म्हातारपणाचे खापर मोठ्या आतड्यातल्या जंतूंवर फोडले आणि त्यावर उतारा म्हणून आंबवलेले दूध सुचवले. लंडनचे नामांकित शल्यविशारद आर्बुथनॉट लेन त्याहून पुढे गेले. बद्धकोष्ठाच्या रोग्यांचे मोठे आतडेच ते कापून काढू लागले! पुढे १९१९ साली अमेरिकेतील वॉल्टर आल्वारेझ यांनी दाखवून दिले की, बद्धकोष्ठात डोके दुखणे, जडपणा येणे वगैरे जे होते, त्याला रक्तात शिरलेले विष जबाबदार धरण्याचे कारण नाही, आतडे ताणले गेल्यानेच ते घडते. पोट साफ झाल्याबरोबर माणसाला क्षणात हुशारी वाटते. विष रक्तात असते तर इतक्या लवकर उतार पडला नसता. वैद्यकाने तो सिद्धांत सोडला, बाजाराने मात्र सोडला नाही. आजच्या डिटॉक्सच्या कागदावर जे छापलेले असते, ते पुष्कळसे बुशारांचेच म्हणणे आहे, फक्त बुशारांचे नाव तेवढे गळले आहे.

दुसरा प्रवाह जर्मनीतून आला. लाइपझिगचे लुई कुने आणि हार्झ डोंगरातले आडोल्फ युस्ट हे निसर्गोपचाराचे प्रवर्तक. पाणी, माती, ऊन आणि मिताहार हा त्यांचा मार्ग. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना ही पुस्तके वाचली आणि स्वतःवर, घरच्यांवर प्रयोग केले. १९४६ साली पुण्याजवळ उरुळीकांचनला त्यांनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला, तो याच आवडीतून. मणिभाई देसाईंनी तो पुढे आयुष्यभर सांभाळला. तेव्हा आपल्याकडच्या रसाहाराला गांधीजींचे नाव चिकटले आहे, ते अगदीच निराधार नाही. पण गांधीजींच्या रसाची खरी कहाणी वेगळी आहे. ती पुढे सांगतो. आधी उपाशी शरीरात काय चालते ते पाहू.

याचा शोध घेण्याची सुरुवात तमाशासारखी झाली. १८८० च्या उन्हाळ्यात डॉ. हेन्री टॅनर नावाच्या गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या एका सभागृहात लोकांसमक्ष चाळीस दिवस उपास केला. वजन छत्तीस पौंडांनी उतरले, पण माणूस जगला. शास्त्रशुद्ध मोजमाप झाले ते १९१२ साली बॉस्टनमध्ये. माल्टा बेटातले आगोस्तिनो लेव्हान्झिन नावाचे वकील उपासाचे कट्टर पुरस्कर्ते होते. फ्रान्सिस बेनेडिक्ट यांच्या प्रयोगशाळेत ते एकतीस दिवस केवळ ऊर्ध्वपातित पाण्यावर राहिले. रोजचे वजन, नाडी, श्वास, लघवी, सारे मोजले गेले. एकतीस दिवसांत त्यांचे वजन सुमारे तेरा किलोंनी घटले.

पुढे १९६० च्या दशकात हार्वर्डच्या जॉर्ज केहिल यांनी चित्र पुरे केले. आपल्या यकृतात शंभर ग्रॅमच्या आसपास साखर ग्लायकोजनच्या रूपाने साठवलेली असते. ती एका दिवसात संपत येते. मेंदूला तर साखर हवीच. मग शरीर स्नायूंतले प्रथिन मोडून साखर बनवू लागते. हे असेच चालले तर माणूस दोन-तीन आठवड्यांत संपेल. म्हणून यकृत चरबीपासून कीटोन नावाची द्रव्ये तयार करते आणि हळूहळू मेंदूही ती वापरायला शिकतो. दीर्घ उपासात मेंदूच्या गरजेचा सुमारे दोन तृतीयांश भाग कीटोन भागवतात. उपाशी माणसाच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो तो याच द्रव्यांचा. रसवाले सांगतात, "बघा, विष बाहेर पडतंय." तसे काही नसते. घरातले लाकूड संपल्यावर चुलीत गोवऱ्या घातल्या की धुराचा वास बदलतो, तसे आहे ते.

आणि तीन दिवसांत उतरलेले तीन किलो? ग्लायकोजनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. साठा संपला की ते पाणी जाते, बरोबर मीठही जाते. म्हणून उठताना चक्कर येते. जेवण सुरू झाले की पाणी परत येते आणि काटा पूर्ववत होतो. विष म्हणाल तर यकृत आणि मूत्रपिंडे ते काम अहोरात्र करीत असतात. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही बाटलीची गरज लागत नाही. उलट पालकासारख्या भाज्यांचा कच्चा रस रोज भांडेभर प्यायल्याने त्यातल्या ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचून ती निकामी झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. लिटरभर संत्र्याच्या रसात ८० ते १०० ग्रॅम साखर असते, प्रथिन जवळजवळ नसतेच. मधुमेह्याने हा हिशेब स्वतःच करावा.

आता पुण्याची कहाणी. १० फेब्रुवारी १९४३. आगाखान महालात स्थानबद्ध असलेल्या गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपास आरंभला. वय ७३. सहा महिन्यांपूर्वी, १५ ऑगस्ट १९४२ ला, महादेवभाई त्याच वास्तूत गेले होते. हा उपास प्राणांतिक नव्हता. जगून पार पाडायचा, असा होता. म्हणून पाणी घशाखाली उतरावे एवढ्यापुरता त्यात लिंबूवर्गातल्या फळाचा रस घालण्याची मुभा त्यांनी आधीच जाहीर केली होती. लंडनला मात्र वेगळीच शंका होती. उपास सुरू होऊन तीन दिवस होतात न होतात तोच पंतप्रधान चर्चिल यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना तार करून विचारले की, गांधी पाण्यात ग्लुकोज घेतात असे ऐकतो, ते तपासून पाहता येईल का? व्हाइसरॉयांनी तपासले आणि तसे काही नसल्याचे कळवले.

गंमत अशी की, चर्चिलांचा प्रश्न राजकारण म्हणून क्षुद्र असला तरी शरीरशास्त्र म्हणून अगदी नेमका होता. पाण्यात साखर आहे की नाही, यावर उपासाचे स्वरूप पालटते. त्याच महायुद्धाच्या काळात हार्वर्डचे जेम्स गॅम्बल हे बुडालेल्या जहाजांतून तराफ्यावर वाचलेल्या खलाशांना किमान काय द्यावे, याचा अभ्यास करीत होते. त्यांना आढळले की, दिवसाला नुसती शंभर ग्रॅम साखर दिली तरी शरीराच्या प्रथिनाची झीज निम्म्यावर येते. म्हणजे पोटभर गोड रस पिणारा माणूस खरा उपाशी नसतोच. तो अर्धपोटी असतो आणि तेही चौरस आहाराशिवाय.

गांधीजी त्या अर्थाने रसाहारी नव्हते. दुसऱ्या आठवड्यात मळमळीने त्यांना पाणी जाईना. रक्तात टाकाऊ द्रव्ये साचू लागली. डॉ. बिधनचंद्र रॉय, डॉ. गिल्डर, डॉ. सुशीला नय्यर शेजारी होते. १७ फेब्रुवारीला व्हाइसरॉयांच्या कार्यकारी मंडळातून होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि आपले लोकनायक बापूजी अणे यांनी राजीनामे दिले. २२ च्या सुमारास नाडी लागेना अशी अवस्था आली. तेव्हा पाण्यात थोडा मोसंबीचा रस घातला गेला, मळमळ थांबली, पाणी जाऊ लागले आणि मूत्रपिंडे पुन्हा चालू लागली. त्या दोन-चार औंस रसातली साखर नगण्य होती. प्राण वाचले ते पाणी पोटात ठरल्यामुळे. ३ मार्चला पातळ केलेल्या संत्र्याच्या रसाने उपास सुटला. घोटाघोटाने, डॉक्टरांच्या देखरेखीत.

या प्रसंगात औषध म्हणून उपास कुठेच नाही. शरीर पणाला लावलेले आहे, आणि ते झिजते आहे हे सर्वांना ठाऊक आहे. १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणानंतर जतींद्रनाथ दास गेले, तेव्हा त्यांच्या शरीरातले 'विष' गेले असे कोणी म्हणाले नाही. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले. आणि १९६६ साली, वयाच्या ८५ व्या वर्षी, सेनापती बापट बसले ते तर आपल्याच सीमाप्रश्नासाठी. त्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महाजन आयोग नेमला गेला. त्या अहवालाचे पुढे काय झाले, ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. सांगायचे एवढेच की, या माणसांनी शरीर खर्ची घातले ते दुसऱ्या कशासाठी तरी. त्याने शरीर सुधारेल, असा त्यांचा समज नव्हता.

तो समज ज्यांनी विकला, त्यांचाही इतिहास आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ओलाला येथे लिंडा हॅझार्ड नावाची बाई टोमॅटोच्या पातळ साराच्या दोन वाट्या आणि बस्ती एवढ्यावर रोग्यांना आठवडेच्या आठवडे ठेवी. १९११ साली दोन श्रीमंत इंग्रज बहिणींपैकी एक तिच्या उपचारात दगावली आणि १९१२ साली तिला सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. सुटून आल्यावर तिने पुन्हा तोच धंदा मांडला आणि १९३८ साली स्वतःवरच उपास करीत असता ती मेली. म्हणजे बाई लबाड नसावी, तिची श्रद्धा खरी असावी. त्यामुळे गोष्ट जास्तच भयंकर वाटते. लिंबू, मेपलचा पाक आणि तिखट यांचे जे पाणी आज जगभर चालते, त्याचे जनक स्टॅन्ली बरोज. त्यांच्या उपचाराखाली रक्ताच्या कर्करोगाचा एक तरुण रुग्ण मरण पावला. खटला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८४ साली खुनाचा ठपका रद्द झाला, पण परवान्याविना वैद्यकी केल्याचा दोष कायम राहिला. आणि १९७६-७७ मध्ये द्रवरूप प्रथिनावर वजन उतरवण्याची लाट अमेरिकेत आली, तेव्हा साठाच्या आसपास मृत्यूंची नोंद झाली. त्यांतले बरेचसे हृदयाचा ठोका बिघडून झाले होते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. स्कॉटलंडचा अँगस बार्बिएरी हा अतिस्थूल तरुण १९६५-६६ मध्ये ३८२ दिवस अन्नावाचून राहिला. २०७ किलोंवरून ८२ किलोंवर आला आणि ठणठणीत राहिला. पण त्याच्यामागे डंडीच्या रुग्णालयातले डॉक्टर होते. रक्त तपासले जात होते, जीवनसत्त्वे आणि क्षार दिले जात होते. तसल्याच उपचारात इतरत्र काही रुग्ण दगावले आणि ती पद्धत मागे पडली.

आता मुद्द्याची गोष्ट. उपासात माणूस जितका धोक्यात असतो, त्याहून कधीकधी उपास सोडताना जास्त असतो. दुसरे महायुद्ध संपल्यावर फिलिपाईन्समध्ये शरण आलेल्या उपाशी जपानी सैनिकांना अमेरिकन डॉक्टरांनी जेवू घातले आणि त्यांतले काही जेवण मिळाल्यावर मेले. कारण असे : दीर्घ उपासानंतर एकदम भात-साखर पोटात गेली की इन्सुलिन उसळते आणि रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढून घेते. रक्तातली पातळी घसरते, हृदय अडखळते, श्वासाचे स्नायू ढिले पडतात. बी-१ जीवनसत्त्व संपलेले असेल तर मेंदूवरही घाला येतो.

हे वाचले तेव्हा चरकाविषयीचा माझा आदर दुणावला. शोधन झाल्यावर माणसाला जेवणावर कसे आणावे, याचा क्रमच तिथे घालून दिला आहे. त्याला संसर्जनक्रम म्हणतात. आधी पेया, म्हणजे पातळ पेज. मग विलेपी, म्हणजे घट्ट पेज. मग मुगाचे बिनफोडणीचे कढण, मग फोडणीचे, आणि शेवटी नेहमीचे जेवण. फॉस्फेट कोणाला ठाऊक नव्हते, पण सावकाशी ठाऊक होती. माझी आजी खानापूरकडची, तिला अक्षरओळख नव्हती. घरात कोणाला विषमज्वर झाला की ताप उतरल्यावर ती पहिल्या दिवशी पेजेचे वरचे निवळ, दुसऱ्या दिवशी थोडी शिते, चौथ्या-पाचव्या दिवशी मऊ भात अशी चढती भाजणी ठेवी. गोव्यातली पेज, आमच्याकडची आंबील, कानडी घरातली गंजी आणि अंबली, सगळ्यांचे काम हेच. त्या काळी तापात उपाशी ठेवण्याचा अतिरेक होई, हेही खरे. डब्लिनच्या डॉ. ग्रेव्हज यांनी एकोणिसाव्या शतकातच त्याविरुद्ध बंड केले होते. "याने तापाला जेवू घातले" एवढेच आपल्या थडग्यावर लिहा, असे ते म्हणत. पण उपास सोडण्याची रीत आमच्या बायकांना नीट ठाऊक होती. रसाच्या वेळापत्रकात नेमके हेच पान नसते. आठवा दिवस उजाडला की हॉटेल!

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका काकांनी सात दिवसांचा रसाचा उपास धरला. मधुमेहाच्या गोळ्या चालूच होत्या. पहिले दोन दिवस साखर चढली म्हणून त्यांनी फळांचा रस सोडला आणि नुसत्या काकडीच्या पाण्यावर आले. गोळी मात्र सोडली नाही. चौथ्या पहाटे काकू हाका मारताहेत आणि हे डोळे उघडीनात. वेळीच शिरेतून साखर गेली म्हणून निभावले. परवा दारात भेटले तेव्हा म्हणाले, "मास्तर, एकादशी मी चाळीस वर्षं करतोय, कधी असं झालं नाही." मी म्हटले, "काका, एकादशीला द्वादशी असते."

आपल्या जुन्या उपासाची ही घडण नीट पाहावी. त्याला दिवस ठरलेला आणि दुसऱ्या दिवशी पारणे बंधनकारक. 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणून आपणच त्याची थट्टा केली, तरी तो एका दिवसापलीकडे लांबत नव्हता. आजारी, गरोदर, लहान आणि म्हाताऱ्या माणसांना सूट होती. त्यात कोणी कोणाला काही विकत नव्हते. निरोगी माणसाने एक दिवस पोटाला विश्रांती दिली तर बिघडत नाही, हे आजचे डॉक्टरही सांगतील.

दिवाळीचा फराळ अंगावर आला की आता पुष्कळांना 'शुद्धी'ची आठवण होईल. कार्तिकी एकादशी तोंडावर आहे, ती जरूर करा. पण सात-सात दिवसांची बाटली घरी आणण्याआधी गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा, विशेषतः मधुमेह, मूत्रपिंड किंवा हृदयाचे दुखणे असेल तर. आणि घरात कोणी आजाराने, रुसव्याने किंवा हट्टाने बरेच दिवस उपाशी राहिले असेल, तर पहिले ताट वाढताना घाई करू नका. पेजेपासून सुरुवात करा.